ऊर्जा प्रकल्पाचा आरोग्यावरचा भार वस्तीपातळीवर कसा मोजायचा

वीज केंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना किंवा कोळशाचा डेपो यांच्या शेजारची वस्ती 'हवा खराब आहे' अशी तक्रार करते, तेव्हा समोरून ठरलेलं उत्तर येतं: आमचे सगळे आकडे मर्यादेत आहेत. गंमत अशी की हे उत्तर पुष्कळदा खोटं नसतं. मोजणीयंत्र वारा जिकडून येतो त्या, म्हणजे धूर न जाणाऱ्या बाजूला बसवलेलं असतं, आकडा चोवीस तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीचा असतो, आणि ज्या दोन-तीन तासांत राख घरात शिरली ते तास त्या सरासरीत विरून जातात. म्हणून वस्तीने स्वतः मोजायला घेताना एवढं पाहावं: प्रत्येक आकड्याला जागा, वेळ आणि वाऱ्याची दिशा जोडलेली हवी, आणि तो कोणाच्या वाट्याला आला हे सांगता यायला हवं. यातलं एकही अंग सुटलं, तर आकडा कितीही मोठा असो, पहिल्याच बैठकीत तो उडवला जातो.

खालची पद्धत मुख्यतः कोळशावरच्या केंद्रासाठी आहे, कारण तिथे हवा, पाणी, राख आणि आवाज सगळंच एकत्र येतं. इतर प्रकल्पांसाठी काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

आधी कागदावर हिशेब

यंत्र आणण्याआधी एक संध्याकाळ हिशेबाला द्या. कोळशाचं केंद्र काय बाहेर टाकू शकतं हे तीन आकड्यांवरून निघतं: रोज जळणारा कोळसा, त्यातलं गंधक आणि त्यातली राख.

समजा ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालतो आहे आणि एका युनिटला ०.७ किलो कोळसा लागतो. म्हणजे तासाला ३५० टन, दिवसाला ८,४०० टन. कोळशात ०.५ टक्के गंधक असेल तर दिवसाला ४२ टन गंधक. गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, त्यामुळे जळल्यावर वजन दुप्पट होतं: रोज सुमारे ८४ टन वायू. थोडंसं गंधक राखेत अडकतं, बाकी चिमणीतून जातं. धुरातलं गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा नीट चालत असेल तर यातला ९० टक्क्यांहून अधिक वायू अडतो. ती बसवली आहे पण बंद ठेवली आहे, असं असेल तर काहीच अडत नाही. म्हणून 'एफजीडी आहे का' असं न विचारता 'गेल्या वर्षी ती किती तास चालली आणि चुनखडी किती लागली' असं विचारा. चुनखडीची खरेदी लपवणं अवघड असतं.

आता राख. त्याच कोळशात ३५ टक्के राख धरली तर दिवसाला २,९४० टन. त्यातली साधारण ८० टक्के, म्हणजे २,३५२ टन, धुराबरोबर उडते आणि ईएसपीकडे, म्हणजे विजेच्या भाराने धुरातली राख पत्र्यांवर ओढून घेणाऱ्या यंत्राकडे जाते. ईएसपीची कार्यक्षमता ९९.९ टक्के असेल तर चिमणीतून २.३५ टन राख सुटते, ९९ टक्के असेल तर २३.५ टन. ०.९ टक्क्याचा फरक अहवालात किरकोळ दिसतो, वस्तीवर तो दहापट होऊन पडतो.

ही कार्यक्षमता घसरते कशी? ईएसपीत एकामागून एक अनेक विद्युत कप्पे असतात. एखादा बंद पडला तरी संच चालूच ठेवला जातो. कमी गंधकाच्या कोळशाची राख विजेला जास्त रोध करते, त्यामुळे ती पत्र्यांकडे नीट ओढली जात नाही. संच सुरू करताना तेल जाळतात तेव्हा तेलकट काजळी पत्र्यांवर बसू नये म्हणून ईएसपी उशिरा चालू करतात, आणि नेमक्या त्याच वेळी धूर सर्वांत काळा असतो. म्हणून संच कधी बंद झाला, कधी सुरू झाला याच्या वेळा मिळवा. पुढच्या सगळ्या मोजणीत हा तक्ता हाताशी लागतो.

पर्यावरण अहवाल वाचताना तीन गोष्टी आधी शोधा. हवेची मूळ स्थिती एकाच ऋतूत मोजली आहे का? धूर कुठे किती पसरेल ते काढणाऱ्या गणिती प्रारूपात फक्त चिमणी धरली आहे, की कोळशाचं आवार, राखेचा तलाव आणि ट्रकची वाहतूकही धरली आहे? आणि आधीपासून त्याच भागात असलेल्या इतर कारखान्यांचा धूर मिळवला आहे का? बहुतेक अहवालांची कच्ची बाजू या तीन ठिकाणीच सापडते.

कोणता त्रास कुठून येतो

उंच चिमणीचा धूर सगळ्यात जवळच्या घरावर सहसा पडत नाही. दोनशे मीटरहून उंच चिमणीतून सुटलेला धूर काही किलोमीटर पुढे जाऊन जमिनीला टेकतो. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि धूर त्याच्या वर अडकून राहतो. सकाळी ऊन चढून तो थर मोडला की वरचा धूर एकदम खाली येतो. अर्ध्या-पाऊण तासाचा हा झटका दिवसाच्या सरासरीत दिसतही नाही, पण दम्याच्या माणसाला तेवढा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने सल्फर डायऑक्साइडसाठी २४ तासांची ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा देतानाच १० मिनिटांसाठी ५०० ही वेगळी मर्यादा कायम ठेवली आहे, ती याच कारणाने.

कुंपणालगतच्या घरांना छळतो तो जमिनीवरचा धुरळा: वॅगन रिकाम्या करताना उडणारा, उघड्या कन्व्हेयर बेल्टवरून गळणारा, कोळशाच्या ढिगावरून आणि राखेच्या तलावाच्या सुकलेल्या काठावरून वाऱ्याने उचललेला, ट्रकच्या चाकांनी रस्त्यावर दळलेला. दोन्ही वस्त्यांना खोकलाच होतो, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा. चिमणीला फिल्टर लावला म्हणून वॅगनची धूळ थांबत नाही. तक्रारीत या दोन गोष्टी एकत्र केल्या की समोरचा सोपा उपाय करून मोकळा होतो.

डिझेल जनित्राचं प्रमाण छोटं असलं तरी त्याचा धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो, त्यामुळे सुटलेल्या दर किलोमागे फुप्फुसात जाणारा वाटा उंच चिमणीच्या कितीतरी पट असतो. गॅसवरच्या केंद्रात राख नाही आणि सल्फर डायऑक्साइड नगण्य, पण नायट्रोजनची ऑक्साइडं आहेत, आणि वारंवार चालू-बंद होणाऱ्या संचातून ती जास्त सुटतात. तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ आधी बेंझीन, म्हणजे तेलातून सुटणारी कर्करोगकारक वाफ, मोजायचं.

धुळीची बरणी: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन

सगळे आधी पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मोजणारा छोटा सेन्सर आणतात. तो हवाच, पण कोळशाची भुकटी आणि राखेचा मोठा भाग २.५ मायक्रॉनहून बराच जाड असतो. स्वस्त सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून कसा विखुरतो ते पाहून अंदाज बांधतो, आणि जाड कण त्याच्या छोट्या पंख्याने आत ओढलेही जात नाहीत. तो पीएम १० चा आकडा दाखवतो खरा, पण तो बराचसा गणिताने काढलेला असतो. अंगणात राखेचा थर आणि पडद्यावर 'हवा उत्तम', असं दृश्य अशानेच दिसतं. या जाड धुळीला बरणीच बरी.

१. सरळ भिंतींची, रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या. तोंडाचा व्यास १५ सेंटीमीटर आणि खोली व्यासाच्या दुप्पट असावी, म्हणजे पडलेली धूळ वाऱ्याने परत उडत नाही.

२. बरणी जमिनीपासून दोन मीटर उंच खांबावर बांधा. जवळपास झाड, छपराची वळचण, चूल किंवा कच्चा रस्ता नको. तोंडाभोवती पक्षी बसू नयेत म्हणून काठाच्या वर येणारी काटेरी तार लावा.

३. तळाशी दोन बोटं शुद्ध पाणी ठेवा. शेवाळ धरू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाका, पण मग त्याच बरणीतल्या धुळीत तांबं मोजायचं नाही, हे लक्षात ठेवा. मोरचूद आधी १०५ अंशांवर सुकवा, मग वजन मोजून टाका आणि शेवटी वजा करा.

४. तीस दिवसांनी बरणीतलं पाणी १ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून पानं आणि किडे काढा. उरलेलं सगळं आधी वजन केलेल्या भांड्यात १०५ अंशांवर सुकवा आणि हजारांश ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तोला. शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे होतं.

५. हिशेब: १५ सेंटीमीटर तोंडाचं क्षेत्रफळ ०.०१७७ चौरस मीटर. तीस दिवसांत ०.१६ ग्रॅम धूळ मिळाली तर ०.१६ भागिले ०.०१७७ भागिले ३०, म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाला ०.३ ग्रॅम. तुलनेसाठी, जर्मनीच्या हवा नियमावलीत वार्षिक सरासरीची मर्यादा ०.३५ ग्रॅम आहे.

किमान सहा बरण्या लावा: तीन वारा प्रकल्पावरून येतो त्या वस्तीत, दोन विरुद्ध बाजूला आणि एक बरीच लांब. सातवी झाकण लावून ठेवा. तिच्यात जे 'सापडेल' ती तुमच्या हाताळणीची चूक समजा आणि बाकीच्यांतून वजा करा.

खरी मजा सूक्ष्मदर्शकाखाली आहे. धुळीचा एक थेंब काचपट्टीवर सुकवून ४०० पटीने पाहा. उडती राख भट्टीत वितळून हवेत गोठलेली असते, म्हणून तिचे कण काचेच्या मण्यांसारखे गोल, चकचकीत दिसतात. काही पोकळ असतात आणि आत बुडबुडा दिसतो. कोळशाची भुकटी काळी, धारदार कोपऱ्यांची. माती वेडीवाकडी आणि पारदर्शक-पिवळसर. प्रत्येक पट्टीवर निदान ३०० कण मोजून तिन्हींचे टक्के काढा. 'ही तर रस्त्याची माती आहे' या युक्तिवादाला याहून नेमकं उत्तर नाही, आणि पट्टीवर खरंच मातीच जास्त निघाली तर तेही बैठकीआधी कळलेलं बरं.

सेन्सर आणि वारा

सेन्सर लावण्याआधी सगळे एका जागी शेजारी-शेजारी आठवडाभर चालवा. जो बाकीच्यांपेक्षा सतत वर किंवा खाली दाखवतो त्याची नोंद घ्या. मग शक्य असेल तर ते सरकारी केंद्राच्या शेजारी दोन आठवडे ठेवा आणि दोन्ही आकड्यांतलं नातं काढा. मोजणी संपल्यावर हेच पुन्हा करा, कारण सेन्सर मळतात आणि सरकतात. हवेत आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर वाढीव आकडा देतो. धुक्याच्या सकाळचा उच्चांक आर्द्रता न पाहता कुणाला दाखवू नका.

उंची दीड ते तीन मीटर. तासाच्या सरासरीसाठी त्या तासातली किमान ४५ मिनिटं आणि दिवसाच्या सरासरीसाठी किमान १८ तास नोंद हवी, नाहीतर तो तास किंवा दिवस रिकामा धरा. आणि घड्याळ तपासा. अनेक यंत्रं वेळ ग्रीनिचप्रमाणे साठवतात. स्थानिक वेळ लावायची राहिली की संच सुरू होण्याच्या वेळा आणि धुळीचे उच्चांक एकमेकांशी जुळतच नाहीत, आणि महिनाभर चांगला चाललेला सेन्सर निकामी ठरवला जातो.

वाऱ्याचं यंत्र मोकळ्या जागी, शक्यतो दहा मीटर उंचीवर लावा. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. दिशांची साधी सरासरी कधीही काढू नका: ३५० अंश आणि १० अंश दोन्ही उत्तरेकडचे वारे आहेत, पण साधी सरासरी १८० म्हणजे दक्षिण येते. प्रत्येक नोंदीचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन घटक करून त्यांची सरासरी घ्या. सेकंदाला अर्ध्या मीटरहून कमी वारा 'शांत' म्हणून वेगळा ठेवा.

मग एकच तक्ता करा: आठ दिशा उभ्या रांगेत, प्रत्येकीसमोर त्या दिशेचा वारा असतानाच्या तासांची संख्या आणि पीएमची सरासरी. प्रकल्पाकडून येणाऱ्या वाऱ्यात आकडा चढतो आणि प्रकल्पाच्या दुसऱ्या बाजूच्या सेन्सरवर तो बरोबर उलट दिशेच्या वाऱ्यात चढतो, असं दिसलं तर स्रोत सापडला. सगळ्याच दिशांत सारखा असेल तर तो प्रदेशभर पसरलेला धूर आहे आणि त्याचं खापर एका कुंपणावर फोडता येत नाही. 'आर' या मोफत संगणकप्रणालीतलं 'ओपनएअर' हे साधन याची चित्रं काढून देतं, पण तक्ता हाताने केलात तर चुका लवकर सापडतात.

पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शक मूल्य वर्षाला ५ आणि २४ तासांना १५ मायक्रोग्रॅम आहे. देशाची कायदेशीर मर्यादा याहून सैल असू शकते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या, त्यांची गल्लत करू नका.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी बोटभर लांबीच्या नळ्या मिळतात. तोंड खाली करून दोन ते चार आठवडे टांगायच्या आणि प्रयोगशाळेत द्यायच्या. चूक साधारण २५ टक्क्यांपर्यंत असते, पण वीस ठिकाणी एकाच वेळी टांगता येतात. बेंझीनसाठीही अशाच नळ्या असतात. अमेरिकेत २०१५ च्या नियमाने तेलशुद्धीकरण कारखान्यांना कुंपणाभोवती दोन-दोन आठवड्यांच्या नळ्या लावणं सक्तीचं केलं आणि वार्षिक ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास कारण शोधून दुरुस्ती करायला लावली.

चिमणीचा फोटो काढताना सूर्य पाठीशी हवा, नाहीतर पांढरा धूरही काळा दिसतो. चिमणीच्या तोंडाशी मोकळी जागा आणि मग पांढरा ढग, असं दिसलं तर ती बहुधा वाफ आहे. वाफ विरल्यानंतर मागे काय उरतं ते पाहा. दर १५ सेकंदांनी एक नोंद, सहा मिनिटांत २४ नोंदी, ही परदेशी निरीक्षकांची पद्धत वस्तीलाही जमते.

राख आणि पाणी

राखेच्या तलावाच्या काठावर चढू नका. वरून कोरडी दिसणारी राख खाली चिखल असते आणि माणूस त्यात रुततो. बाहेरून, बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाहा: कोरड्या दिवसांतही ओला राहणारा पट्टा, अवेळी हिरवं गवत, झिरपणारं गढूळ पाणी. स्वच्छ झिरपणीपेक्षा गढूळ झिरपणी जास्त धोक्याची, कारण तिच्याबरोबर बंधाऱ्याची मातीही वाहते आहे.

विहिरी निवडताना भूजल कोणत्या दिशेला वाहतं ते आधी काढा. तलावाच्या वरच्या बाजूची एक तरी विहीर हवीच. राखेतून सर्वांत आधी पुढे सरकतात ते बोरॉन आणि सल्फेट. आर्सेनिक, सेलेनियम मागून येतात. म्हणून फक्त आर्सेनिक तपासून 'पाणी ठीक' म्हणणं घाईचं ठरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मूल्यं: आर्सेनिक १० आणि सेलेनियम ४० मायक्रोग्रॅम, बोरॉन २.४ आणि फ्लुओराइड १.५ मिलिग्रॅम, सगळी दर लिटरला.

नमुना घेण्याआधी बोअरमधलं साचलेलं पाणी, त्याच्या आकारमानाच्या तिप्पट, उपसून टाका. बाटली प्लास्टिकचीच, कारण प्रयोगशाळेच्या काचेतच बोरॉन असतं आणि ते पाण्यात उतरतं. धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रिक आम्ल घाला. सल्फेटसाठी आम्लाशिवायची दुसरी बाटली भरा. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच विहिरीची दुसरी बाटली) आणि एक शुद्ध पाण्याची बाटली द्या, प्रयोगशाळेला न सांगता. बाटली कोणी भरली, कोणाच्या हाती दिली, किती वाजता, याची सह्यांसह साखळी ठेवा. बैठकीत निकालापेक्षा या कागदावरच जास्त भांडण होतं.

आवाज

थोडक्यात: रात्री मोजा, वारा सेकंदाला पाच मीटरहून जास्त असताना मोजू नका, आणि आवाजमापकावरच्या ए (कानाला ऐकू येतं त्याच्या जवळचं) व सी (खालचे आवाजही धरणारं) अशा दोन्ही मापांनी नोंद घ्या. दोन्हींत १५-२० डेसिबलहून जास्त फरक असेल तर घुमणारा खालचा आवाज आहे, जो भिंतीतून आत येतो आणि ए मापात जवळजवळ दिसत नाही. रोहित्राची गुणगुण वीजप्रवाहाच्या वारंवारितेच्या दुप्पट असते: ५० हर्ट्झच्या जाळ्यावर १०० हर्ट्झ. रोहित्राचा त्रास यावरून ओळखता येतो.

आरोग्याची पाहणी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात. 'कारखान्यामुळे तुम्हाला कोणते त्रास होतात?' असा प्रश्न विचारला की पाहणी तिथेच संपली. प्रश्नात प्रकल्पाचं नावही नको. मुलांच्या दम्यासाठी 'आयझॅक' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या धर्तीवर विचारा: गेल्या १२ महिन्यांत श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? त्याने किती वेळा रात्री झोपमोड झाली? एक-दोन शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये इतका दम कधी लागला का?

तुलनेची वस्ती लागतेच. ती प्रकल्पापासून लांब हवी, पण बाकी बाबतीत सारखी: उत्पन्न, स्वयंपाकाचं इंधन, घराचा प्रकार, धूम्रपान. या चारही गोष्टी प्रत्येक घरी विचारा, शिवाय प्रकल्पात कोण काम करतं आणि हे कुटुंब किती वर्षं इथे आहे तेही. आजारी माणसं गाव सोडतात आणि धडधाकट माणसं कामाला राहतात, त्यामुळे फक्त आज हजर असलेल्यांना मोजलं तर वस्ती खरी आहे त्यापेक्षा निरोगी दिसते. सोडून गेलेल्यांची यादी शेजाऱ्यांकडून काढा.

किती माणसं लागतात? तुलनेच्या वस्तीत त्रास ६ टक्क्यांना आणि प्रकल्पाजवळ १२ टक्क्यांना असेल, असा दुपटीचा फरक पकडायचा तर प्रत्येक बाजूला सुमारे ३५६ जण लागतात. एकाच घरातले, एकाच गल्लीतले लोक एकमेकांसारखे असतात, म्हणून दीडपट करा, आणि दहातला एक उत्तर देणार नाही असं धरा: प्रत्येक बाजूला सुमारे ६००. चाळीस घरांच्या पाहणीतून टक्केवारी काढून ती छापू नका. ती तुमच्याच अंगावर येईल.

कर्करोगाबाबत विशेष सावध राहा. समजा एका गावात वर्षाला १.५ रुग्ण अपेक्षित होते आणि ३ सापडले. 'दुप्पट' हा मथळा तयार. पण काहीही कारण नसताना, नुसत्या योगायोगाने ३ किंवा जास्त रुग्ण सापडण्याची शक्यता १९ टक्के आहे. शिवाय अनेक कर्करोगांना संपर्कानंतर दहा-वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त लागतात. हे काम कर्करोग नोंदणीवर सोडा आणि तुम्ही दमा, श्वसनाचे आजार, हृदयविकाराचे झटके, कमी वजनाची आणि मुदतपूर्व जन्मलेली बाळं, शाळेतली गैरहजेरी यांकडे वळा. हे परिणाम लवकर दिसतात आणि त्यांची नोंद आधीच कुठेतरी झालेली असते.

सर्वांत भक्कम पुरावा बंद-चालूचा. संच दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहतो तेव्हा आधीचे, मधले आणि नंतरचे आठवडे दवाखान्याच्या नोंदवहीतून काढा, आणि तेच आठवडे तुलनेच्या वस्तीतूनही काढा, नाहीतर ऋतूचा बदल बंदचा परिणाम म्हणून खपेल. कॅलिफोर्नियात २००१ ते २०११ या काळात बंद झालेल्या आठ कोळसा व तेलावरच्या केंद्रांचा असाच अभ्यास झाला. पाच किलोमीटरच्या आत मुदतपूर्व जन्मांचं प्रमाण ७.० वरून ५.१ टक्क्यांवर आलं.

पाहणी शक्यच नसेल तर मोजलेल्या हवेवरून अंदाज काढता येतो. पीएम २.५ मध्ये दर १० मायक्रोग्रॅम वाढीला प्रौढांमधले मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढतात (विश्वासार्ह पट्टा ६ ते ९), असं जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघालं आहे. वस्तीत ५०,००० प्रौढ, वर्षाला ५०० मृत्यू आणि प्रकल्पामुळे वाढ ६ मायक्रोग्रॅम असेल, तर १.०८ चा ०.६ वा घात १.०४७, त्यातून जादा वाटा ४.५ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे २३ मृत्यू, पट्टा १७ ते २५. पट्टा नेहमी द्या. आणि हे २३ जण कोण, हे या गणितातून कधीच कळत नाही, म्हणून कोणा एका मृत माणसाचं नाव त्याला जोडू नका.

घराघरातली माहिती घेण्याआधी संमती घ्या. नकाशावर घराचा ठिपका छापू नका, नाहीतर कुणाच्या घरात क्षयरोगी आहे हे सगळ्या गावाला कळतं. प्रकल्पातल्या कंत्राटी कामगाराचं नाव कच्च्या कागदावरही नको.

भार कोणाच्या वाट्याला

पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न भावनेचा वाटतो, पण तोही मोजता येतो.

नकाशावर प्रकल्पाभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ सगळेच काढतात. त्याऐवजी वाऱ्याच्या तक्त्यावरून धूर जिकडे जातो त्या बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड असा पट्टा काढा. त्यात राहणाऱ्यांची जनगणनेतून विभागणी करा: उत्पन्न, जात किंवा वंश, जमीनमालकी, वय. तीच विभागणी आख्ख्या जिल्ह्याची काढा. समजा पट्ट्यात भूमिहीन कुटुंबं ४२ टक्के आणि जिल्ह्यात २४ टक्के आहेत, तर गुणोत्तर १.७५. हा एक आकडा दहा भाषणांचं काम करतो. जनगणनेचा विभाग पट्ट्यात अर्धवट येत असेल तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोक वाटू नका, घरं कुठे आहेत ते उपग्रहचित्रावर पाहा. लोक सगळीकडे सारखे पसरलेले नसतात.

'लोकच नंतर येऊन राहिले' असा मुद्दा हमखास येतो. जुने नकाशे, मतदारयाद्या, शाळेच्या स्थापनेचं वर्ष आधीच काढून ठेवा. लोक खरंच नंतर आले असतील तर जमीन तिथेच स्वस्त का होती, हाही नोंदवायचा मुद्दा आहे.

भार एकाच कुंपणाचा नसतो. कॅलिफोर्निया राज्याच्या 'कॅल-एन्व्हायरोस्क्रीन' या साधनात (पहिली आवृत्ती २०१३) प्रदूषणाचे गुण आणि लोकसंख्येच्या नाजूकपणाचे गुण, प्रत्येकी दहापैकी, यांचा गुणाकार करतात. बेरीज करत नाहीत. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे: तीच धूळ दम्याच्या, कुपोषित, दवाखाना लांब असलेल्या माणसाला जास्त लागते. वस्तीपातळीवर एवढं गणित न जमलं तरी रकाने तेच ठेवा.

फायद्याचाही रकाना हवा. तारा वस्तीवरून जातात, पण वस्तीत वीज रोज किती तास असते? कायम नोकऱ्या किती जणांना आणि राख उपसण्याचं कंत्राटी काम किती जणांना? सुनावणीची सूचना कोणत्या भाषेत आणि किती दिवस आधी लागली, सभा मजुरीच्या वेळेत होती का, अहवाल किती पानांचा आणि कुठे ठेवला होता?

आणि राख शेवटी कुठे जाते तेही लिहा. २२ डिसेंबर २००८ ला अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टन केंद्राचा बंधारा फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा चिखल बाहेर आला. सफाई करणाऱ्या अनेक मजुरांनी पुढे आजारांबद्दल कंत्राटदारावर खटला भरला. आणि उपसलेल्या राखेचा मोठा भाग रेल्वेने अलाबामातल्या युनियनटाउन या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय गावाजवळच्या भरावावर नेऊन टाकला गेला. टेनेसीपुरता नकाशा काढणाऱ्याला 'राख उचलली' एवढंच दिसलं असतं.

मागणी कशी मांडायची

'प्रदूषण थांबवा' या मागणीला कोणीही होकार देतो. त्याऐवजी मोजणीतून निघालेली नेमकी गोष्ट मागा: उत्तरेकडच्या बरण्यांत ६० टक्के कण कोळशाचे निघाले, म्हणून कन्व्हेयर झाका आणि वॅगन टिपलरवर, म्हणजे वॅगन उलटवून रिकामी करणाऱ्या यंत्रावर, पाण्याचे फवारे लावा, राख दक्षिणेत, म्हणून तलावाच्या काठावर पाण्याचा थर ठेवा किंवा माती पसरून गवत लावा, उच्चांक संच सुरू होताना, म्हणून सुरू करण्याची वेळ आदल्या दिवशी वस्तीला कळवा आणि शाळेची मैदानी तासिका त्या वेळी नको. प्रत्येक मागणीसमोर तारीख आणि ती पूर्ण झाली हे कशावरून ठरेल ते लिहा: त्याच खांबावरची तीच बरणी, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात.

कच्च्या नोंदी, चुकलेल्या दिवसांसकट, तीन ठिकाणी ठेवा, आणि त्यातली एक जागा तरी प्रकल्पात कोणीच नोकरीला नाही अशा घरातली हवी. बैठकीला जाताना मूळ नोंदवही नेऊ नका, प्रत न्या.